दोन सायकलींची एक

नाशिकची सायकल म्हटली की लांबचा पल्ला आठवतो. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या गटात पुरी केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतचं हे अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर आहे. पुढे २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने संपवली. ती एकट्याने पुरी करणारे ते पहिले भारतीय, आणि तेव्हा त्यांची नेमणूक नाशिकलाच होती. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारीही जाते. हा सगळा डांबराचा पराक्रम. त्याने शहरात रोडबाइकची लाट आली आणि त्याआधी हौसेने घेतलेल्या माउंटन बाइक जिन्याखाली गेल्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नीट पाहिलं तर टायर बसलेली, चेन तांबूस झालेली एक तरी हार्डटेल दिसतेच. हार्डटेल म्हणजे पुढे सस्पेन्शन आणि मागचा सांगाडा कडक अशी सायकल.

तशी एक आपल्याकडे आहे असं धरू. २६ इंची चाकं, मागे नऊ गिअर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, १०० मिलिमीटर दबणारा चिमटा. ती धावते, पण फ्रेम लहान पडते. दुसरीकडे ओळखीतून एक जुनी फुल सस्पेन्शन फ्रेम हाती आली आहे. मागचं चाक १३० मिलिमीटर वर-खाली होतं, पण सांधे जाम आहेत आणि शॉकअपमधून तेल गळतंय. हार्डटेलचे सुटे भाग या फ्रेमवर चढवून धावती सायकल करायची आहे.

हे काम हलकं समजणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. माउंटन बाइक हा प्रकारच मुळात जुन्या भागांच्या जोडाजोडीतून जन्मला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी १९३०-४०च्या काळातल्या जाड टायरच्या श्विन सायकली जुन्या बाजारातून उचलत. त्यांना मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर आणि रोडबाइकचे गिअर लावून ते डोंगर उतरायचे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या उताराच्या शर्यतीचं नाव 'रिपॅक' होतं. मागच्या हबमधला ब्रेक एका उतारात इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोहोचल्यावर ते नव्याने भरावं लागायचं, त्यावरून हे नाव. या प्रकारासाठी मुद्दाम बनवलेली पहिली फ्रेम ब्रीझने १९७७ मध्ये केली. पुढचं सस्पेन्शन दुकानात यायला १९८९ उजाडलं, आणि मागचं सस्पेन्शन नीट जमायला नव्वदचं दशक जवळजवळ पूर्ण खर्ची पडलं.

आता एक सावधगिरी. गल्लीतली मुलं फिरवतात त्या 'डबल शॉकर' सायकलींवर पैसे घालू नयेत. त्यांच्या मधल्या शॉकअपमध्ये बहुतेकदा फक्त स्प्रिंग असते, तेल नसतं. स्प्रिंग धक्का साठवते आणि जसाच्या तसा परत करते. तो जिरवण्यासाठी तेल बारीक छिद्रांतून ढकलावं लागतं, म्हणजे धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. सीट दाबून सोडा. ती ताडकन वर उसळली तर आत तेल नाही किंवा असून संपलंय. गळणारा शॉकअप दुरुस्त होतो, मुळात नसलेलं तेल मात्र कुणी घालू शकत नाही.

फ्रेम हाती घेतल्यावर भाग जुळवण्याआधी ती धुवायची आणि उन्हात बसून बघायची. अ‍ॅल्युमिनियमला थकव्यापासून सुरक्षित अशी ताणाची मर्यादा नसते. पोलादावर ठरावीक ताणाच्या आतले धक्के कितीही बसले तरी ते टिकतं, अ‍ॅल्युमिनियम मात्र प्रत्येक धक्क्याचा हिशेब ठेवतं आणि एक दिवस वेल्डच्या कडेला केसाएवढी रेघ उमटते. हेड ट्यूबच्या खाली, सीट ट्यूबच्या सांध्यात, शॉकअप जिथे अडकतो त्या कानांजवळ आणि मागच्या त्रिकोणाच्या पुलाजवळ ती शोधायची. रंगाचा ओरखडा आणि भेग यांत गोंधळ होत असेल तर तिथे रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची भुकटी टाका. भेग असेल तर थोड्या वेळाने तिची ओली रेघ भुकटीवर येते.

भेग निघाली की नाशिकमध्ये हमखास सल्ला मिळतो, "अंबडला टिग वेल्डिंग करून घे." तिथल्या औद्योगिक वसाहतीतले वेल्डर उत्तम आहेत यात शंका नाही. अडचण धातूची आहे. सायकलींत बहुधा ६०६१ जातीचं अ‍ॅल्युमिनियम असतं आणि त्याची ताकद कारखान्यातल्या उष्णता प्रक्रियेतून येते. वेल्डिंगच्या आचेने टाक्याच्या दोन्ही बाजूंची ती ताकद मोठ्या प्रमाणात उतरते. पूर्ण फ्रेम पुन्हा भट्टीत घालून ती परत आणता येते, पण एका फ्रेमसाठी ते कुणी करत नाही. भेगाळलेली फ्रेम भंगारात गेलेली बरी. इथे हळवं होण्यात अर्थ नाही.

फ्रेम धड निघाली की मग मापं. व्हर्नियर नसेल तर उसना आणा, टेपने हे काम होत नाही.

सगळ्यात आधी चिमट्याची उभी नळी, म्हणजे स्टिअरर. हार्डटेलवर बसवताना ती तिच्या हेड ट्यूबच्या उंचीला कापलेली असते, आणि एकदा कापलेली नळी वाढत नाही. नव्या फ्रेमची हेड ट्यूब पंधरा-वीस मिलिमीटर उंच असली तर हँडलच्या स्टेमला धरायला नळी उरत नाही आणि बेत तिथेच संपतो. बाकीचे भाग विकत घेण्याआधी हे एक माप घेतलं तर पुष्कळ मनस्ताप वाचतो. पुढचा प्रश्न चिमटा किती दबतो त्याचा. फ्रेम १२०-१३० मिलिमीटरच्या चिमट्यासाठी आखलेली असेल आणि आपण १०० चा लावला तर सायकल पुढे झुकते. ढोबळमानाने दर दहा मिलिमीटरला हेड ट्यूबचा कोन अर्धा अंश बदलतो. हँडल चपळ होतं, पण उतारावर भीती वाटते आणि पेडल दगडांना घासायला लागतात. चालवता येते, पण हे माहीत असून चालवावं. याच्या उलट, फ्रेमला झेपेल त्याहून उंच चिमटा लावणं मात्र धोक्याचं, कारण त्याची तरफ हेड ट्यूबच्या वेल्डवरच पडते.

चाकांबाबत नशीब आपल्या बाजूने आहे. २०१३ नंतर परदेशी कंपन्यांनी साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंची चाकांकडे मोर्चा वळवला आणि तिकडे २६ इंची भाग दुर्मीळ होत गेले. आपल्याकडे स्वस्त गिअरच्या सायकली वर्षानुवर्षं याच चाकावर चालल्या, त्यामुळे साधा टायर-ट्यूब कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. मागचा हब तेवढा तपासायचा. जुना क्विक-रिलीजचा हब १३५ मिलिमीटर रुंद असतो, जाड आसाचा १४२. फरकातले साडेतीन-साडेतीन मिलिमीटर दोन्ही बाजूंच्या खाचांत जातात, डिस्क आणि गिअरचे दाते जागचे हलत नाहीत. म्हणून काही हबना फक्त टोकाच्या टोप्या बदलून दोन्हीकडे बसवता येतं.

पेडल आणि बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस ज्यात फिरतो तो भाग) यांचे आटे जुन्या इंग्रजी मापाचे आहेत. पेडलचा आटा ९/१६ इंच, इंचाला वीस फेरे. बीबीचा १.३७ इंच, इंचाला चोवीस. या दुसऱ्या मापाला आजही बीएसए म्हणतात, म्हणजे बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी. डावं पेडल आणि बीबीचा उजवा कप उलट्या आट्याचे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. हे विसरून पाइप लावून जोर करणाऱ्यांनी किती फ्रेमचे आटे घालवले असतील!

खरं काम सांध्यांत आहे.

फुल सस्पेन्शनच्या मागच्या भागात चार ते आठ बेअरिंग असतात. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या बाजूला पावसाळ्यात नेलेली सायकल धुऊन तशीच ठेवली की आधी हीच मरतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि लाल चिखल रबराच्या ओठाखाली शिरतो. शिवाय या बेअरिंगना एक विचित्र आयुष्य असतं. हबमधलं बेअरिंग गोल फिरतं, ग्रीस सगळीकडे पसरतं. सांध्यातलं फक्त काही अंश पुढे-मागे हलतं, त्यामुळे तेच दोन-चार छर्रे त्याच जागी आदळत राहतात आणि कडीत खड्डे पाडतात. चांगल्या कंपन्या म्हणून सांध्यात आतली जाळी काढून जास्तीत जास्त छर्रे भरलेली बेअरिंग घालतात.

सायकल कंपनीच्या नावाचा किट मागवायला गेलं की तो मिळत नाही, मिळाला तर महाग आणि महिन्याने. पण जुन्या बेअरिंगची कड पुसली की त्यावर एक आकडा दिसतो, समजा ६९०२ टू आरएस. तो सायकल कंपनीचा नसतोच. सहा म्हणजे खोल खाचेचं छर्ऱ्यांचं बेअरिंग, नऊ म्हणजे सडपातळ मालिका, शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचे. ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७ आणि त्यापुढे अंकाला पाचने गुणायचं. टू आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. हे बेअरिंग बाहेरून २८ मिलिमीटर आणि ७ मिलिमीटर रुंद असणार, मग ते नाशिकमध्ये घ्या नाहीतर नैरोबीत. पंपात, मोटरीत, पॅकिंग मशिनमध्ये हेच माप असतं. आणि नाशिक तर अशा मशिनांचंच गाव. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्राच्या गाड्या बनतात, बॉशचा, म्हणजे जुन्या माणसांच्या मायकोचा, कारखाना आहे, सिएटचे टायर निघतात, ओझरला एचएएलमध्ये मिगपासून सुखोईपर्यंत विमानं जोडली गेली. या मोठ्यांच्या भोवती सुटे भाग पुरवणारी छोटी दुकानं आणि वर्कशॉप वाढली. तिथे सायकलचं नाव न काढता फक्त आकडा सांगावा. सायकल ऐकली की काउंटरवरचा माणूस हसतो आणि आकडा ऐकला की फळीवरून डबी काढतो. जाळीवालं साधं बेअरिंग घातलं तर ते कंपनीच्या जास्त छर्ऱ्यांच्या बेअरिंगइतकं टिकणार नाही, पण इतकं स्वस्त पडतं की दर पावसाळ्यानंतर बदलायलाही हरकत नाही.

बसवताना हातोडा दूर ठेवा. लांब बोल्ट, नट, दोन जाड वायसर आणि योग्य मापाचा सॉकेट एवढ्यात प्रेस होतो. सॉकेट बाहेरच्या कडीवर टेकला पाहिजे. आतल्या कडीवर जोर दिला की सगळा भार छर्ऱ्यांतून जातो आणि नवं बेअरिंग बसतानाच खराब होतं. बेअरिंगचं घर कोरडं पुसून घ्यायचं, बाहेरच्या कडीला ग्रीसचा पातळ हात, बोल्टला निळं थ्रेडलॉकर.

यानंतर शॉकअप. त्याची दोन मापं लागतात, एका कानाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची लांबी आणि दांडा किती आत जातो ते. १९० बाय ५१ हे २६ इंची चाकांच्या काळातलं नेहमीचं माप. आपलं चाक १३० मिलिमीटर हलतं आणि शॉकअप ५१, म्हणजे गुणोत्तर साधारण अडीच. या अडीचचे दोन परिणाम लक्षात ठेवायचे. चाकावर जितका भार पडतो त्याच्या अडीचपट शॉकअपवर पडतो. आणि शॉकअपच्या कानातली बुश अर्धा मिलिमीटर झिजली तर चाकापाशी सव्वा मिलिमीटर ढिलेपणा येतो. चढावर प्रत्येक पेडलला 'टक्' असा आवाज येतो तो बहुधा इथूनच. लोक मात्र बीबी बदलत बसतात.

ही बुश आणि तिच्यात बसणाऱ्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या टोप्या प्रत्येक फ्रेमला वेगळ्या. बोल्ट कधी सहाचा, कधी आठचा, रुंदी कधी बावीस, कधी चाळीस. तुमच्या फ्रेमची रुंदी आज कुठल्या दुकानात सापडण्याची शक्यता फार कमी. इथे लेथवाला लागतो. कागदावर सुबक आकृती काढून, मापं मिलिमीटरच्या दशांशात लिहून आणि जुना तुकडा सोबत घेऊन गेलात तर टर्नरला ते दहा-पंधरा मिनिटांचं काम. कठीण भाग वेगळाच आहे, एक नग करायला कुणी तयार होत नाही. वर्कशॉपची गणितं शेकड्यात चालतात. जेवणाच्या सुट्टीत किंवा शनिवारी संध्याकाळी, कुणाच्या तरी ओळखीने, असंच ते जमतं. पूर्वी सातपूर-अंबड लिंक रोडवरच्या भंगार बाजारात रॉडचा असा तुकडा हुडकता यायचा. महापालिकेने तो बाजार २०१७च्या जानेवारीत हटवला. आता वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या कटिंगच्या ढिगातूनच मागून घ्यावा लागतो.

शॉकअपची गळती काढणं हे काम दोन पातळ्यांचं. बाहेरची हवेची डबी उघडून आतल्या ओ-रिंग बदलणं घरी होतं. आधी व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडायची, शंभर-दोनशे पीएसआयवर झाकण उघडणं म्हणजे डोळा गमावण्याची तयारी. ओ-रिंगसुद्धा आतलं माप आणि जाडी यावर विकल्या जातात आणि हायड्रॉलिक सीलच्या दुकानात मिळतात. पण आतल्या तेलाच्या नळीत बऱ्याचदा दाबाखालचा नायट्रोजन असतो. ती उघडायला खास साधन लागतं. ती सर्व्हिस सेंटरलाच पाठवावी. मोटरसायकलच्या शॉकअपवाल्याच्या हाती तर ती मुळीच देऊ नये, मग तो कितीही आत्मविश्वासाने बोलला तरी.

गिअरचा हँगर हा आणखी एक हट्टी तुकडा. मागचा डिरेलर ज्या पट्टीवर लटकतो ती प्रत्येक फ्रेमची निराळी, पण डिरेलरच्या बोल्टचा आटा सगळीकडे दहा मिलिमीटरचा. मोडका तुकडा घेऊन सीएनसीवाल्याकडून तसाच कापून घेता येतो. मात्र "पक्का करा, लोखंडाचा करा" असं सांगू नका. हँगर मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा ठेवतात. दगडाला आपटल्यावर त्याने वाकायचं असतं, म्हणजे फ्रेम वाचते.

गिअरच्या बाकी भागांत फार वेळ घालवू नये. शिफ्टर आणि डिरेलर हार्डटेलवरची जोडीच उचलायची. शिमानोच्या नऊ आणि दहा गिअरच्या माउंटन डिरेलरना वायरची ओढ वेगवेगळी लागते, त्यांची सरमिसळ केली तर गिअर कधीच जागेवर बसत नाहीत. पुढचा डिरेलर नव्या फ्रेमच्या नळीला बसत नसेल तर काढून टाका आणि एकच चेनरिंग ठेवा.

चेनच्या लांबीत मात्र फुल सस्पेन्शन गाफील माणसाला पकडतं. मागचं चाक वर गेलं की बहुतेक रचनांमध्ये बीबीपासून आसापर्यंतचं अंतर वाढतं. उभ्या सायकलवर मापून चेन तोडली तर ती स्टँडवर झकास चालते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात, नेमकी मोठ्या दात्यांवर असताना, ताणून डिरेलर उपटते. म्हणून शॉकअप सोडवून ठेवा, मागचं चाक हाताने पूर्ण वर उचला, चेन पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून डिरेलरशिवाय गुंडाळा, त्यावर एक इंच वाढवा आणि मग तोडा. ब्रेकची नळीही याच अवस्थेत मापायची. हार्डटेलवरची मागची नळी बहुधा आखूड पडते.

नळी बदलली की ब्रेकमध्ये द्रव भरावा लागतो. शिमानो आणि टेक्ट्रोला मिनरल ऑइल चालतं, एव्हिड आणि स्रामच्या जुन्या ब्रेकना डॉट द्रव. एकाचा द्रव दुसऱ्यात गेला की आतले सील फुगतात आणि ब्रेक संपतो. गंमत अशी की मिनरल ऑइल मागवावं लागतं आणि डॉट-४ कुठल्याही दुचाकीच्या गॅरेजात हातोहात मिळतं. म्हणून हाताशी आहे ते ओतण्याचा मोह होतो. लिव्हरवर काय छापलंय ते वाचा.

जुळणी झाली की हवेचा दाब ठरवायचा. त्यासाठी शॉक पंप लागतो, चाकाच्या पंपाने हा दाब मोजूनमापून भरता येत नाही. पाण्याची बाटली, बॅग, हेल्मेट सगळं घेऊन बसा, शॉकअपच्या दांड्यावरची रबरी रिंग सीलपर्यंत सरकवा आणि न उसळता उतरा. रिंग १३ ते १५ मिलिमीटर सरकलेली असली, म्हणजे ५१ च्या पाव ते तीस टक्के, तर दाब बरोबर. कमी सरकली तर हवा सोडा, जास्त सरकली तर भरा.

पहिली फेरी गंगापूर धरणाच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर किंवा रामशेजच्या पायथ्याच्या मुरमावर करावी, गिअर आणि आवाज ओळखायला तेवढं पुरतं. अंजनेरीचा पायथाही चालेल. माथ्यावर मात्र सायकल चढवू नये, कंदीलपुष्पाची एक जात फक्त तिथल्याच पठारावर वाढते आणि टायरला ते कळत नाही. परतल्यावर सांध्यांचे सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे. नव्या बेअरिंगचे बोल्ट पहिल्या एक-दोन फेऱ्यांत थोडे सैल होतातच, तेव्हा ते आवळले की पुढे फारसे हलत नाहीत.

राहिली हार्डटेलची रिकामी फ्रेम. ती धड असेल तर तिला साधा कडक पोलादी चिमटा, एकच गिअर, मडगार्ड आणि कॅरिअर लावा. घरातल्या कमी उंचीच्या माणसाला ती बाजारहाटाला उत्तम चालेल.